बाटली फिरवून वाचा



गेल्या रमजानमधली गोष्ट आहे. माझ्या नणंदेचा मुलगा पुण्याला नोकरी करतो. चार दिवसांच्या सुटीत तो आजोळी, म्हणजे आमच्याकडे आला. इफ्तारच्या दस्तरख्वानवर खजूर, भजी, फळांची चाट, रूहअफ्जा असे नेहमीचे सगळे होते. त्याने पिशवीतून सहा थंडगार डबे काढले आणि मुलांसमोर ठेवले. डब्यावर सोनेरी रंगाच्या फेसाळ पेल्याचे चित्र होते आणि खाली मोठ्या आकड्यात ०.० लिहिले होते. माझ्या धाकट्याने तर डबा उघडायला हातच घातला.

माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अम्मीजान म्हणतो, त्यांनी चष्मा नीट केला आणि विचारले, "बेटा, ये क्या लाया तू?"

"नानी, ज्यूस जैसाही है. इसमें कुछ नहीं."

"कुछ नहीं है, तो डब्बे पे बियर की फोटो काहे को?"

सगळे हसले, भाचाही हसला. पण अम्मीजान हसल्या नाहीत. त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "तू मास्तरीण है ना, पढ के बता."

मी डबा फिरवून मागचा बारीक मजकूर वाचला. पाणी, जवाचे माल्ट, साखर, हॉप्स. अल्कोहोल ०.० टक्के. तेवढ्यात अजान झाली. डबे तसेच बाजूला राहिले आणि आम्ही खजुराने रोजा सोडला.

गोष्ट इथेच संपली असती, तर मी हा लेख लिहिला नसता. मगरिबच्या नमाजनंतर अम्मीजान त्यांच्या कपाटाकडे गेल्या आणि एक तपकिरी बाटली घेऊन आल्या. हिवाळ्यातल्या आजारपणानंतर अशक्तपणासाठी कुणीतरी सुचवलेले ते एक आयुर्वेदिक अरिष्ट होते. दोन महिन्यांपासून त्या सकाळ-संध्याकाळ चार-चार चमचे घेत होत्या. रमजानमध्ये इफ्तारनंतर आणि सहरीला. "अब ये भी पढ," त्या म्हणाल्या.

मी बाटली फिरवली. अगदी बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिले होते : स्वजनित अल्कोहोल ५ ते १० टक्के.

ती बाटली दुकानातून मीच आणली होती. किंमत पाहिली होती, मुदत संपायची तारीख पाहिली होती. बी.एड. झालेली, वीस वर्षे मुलांना वाचायला शिकवणारी मी, ती एक ओळ तेवढी वाचली नव्हती. अम्मीजान उर्दू उत्तम वाचतात, मराठी अडखळत वाचतात, इंग्रजी त्यांना येत नाही. त्यांनी वाचण्याचे काम माझ्यावर सोपवले होते. मी खरे ते सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. बाटलीचे झाकण घट्ट लावले आणि तसबीह घेऊन बसल्या.

ज्या डब्यावरून घरभर चर्चा झाली, त्यावर शून्य होते. ज्या बाटलीवर कुणाचा संशय नव्हता, तिच्यात अल्कोहोल होते. म्हणून या महिन्यात आपण लेबल वाचायला शिकू या.

अल्कोहोल येते कुठून?

आठवीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रयोग करते. बाटलीत कोमट पाणी, दोन चमचे साखर आणि चिमूटभर यीस्ट टाकायचे आणि तोंडाला फुगा बांधायचा. तासाभरात फुगा उभा राहतो. यीस्ट साखर खाते, तिच्यापासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. यालाच आंबणे किंवा किण्वन म्हणतात. पावाचे पीठ फुगते ते यामुळेच. भट्टीत भाजताना त्यातले अल्कोहोल बहुतेक उडून जाते.

म्हणजे साखर, ओलावा, उष्णता आणि वेळ या चार गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे थोडेफार अल्कोहोल तयार होऊ शकते. खूप पिकलेल्या केळात, फळांच्या रसातही त्याचा अंश सापडतो. आपल्या विदर्भातल्या मे महिन्यात द्राक्षाचे किंवा खजुराचे सरबत दोन दिवस बाहेर राहिले, तर झाकण उघडताना फस्‌ आवाज येतो आणि आंबूस वास येतो. तो वास म्हणजे न छापलेले लेबलच समजा.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून नबीज करत असत. हदीसमध्ये येते की, ते ताजे असतानाच घेतले जाई आणि जास्तीत जास्त तिसऱ्या दिवसापर्यंत. त्यानंतर ते ठेवत नसत. प्रयोगशाळा नव्हती, टक्केवारी नव्हती, पण वेळेची मर्यादा पाळली जात होती. गरम हवेत गोड पाणी फार दिवस ठेवू नये, हा धडा आजच्या स्वयंपाकघरालाही तसाच लागू आहे.

नीरेचेही तसेच. ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडाचा रस पहाटे उतरवतात, तो आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. सूर्य वर आला, रस तापला की काही तासांतच तो आंबून ताडी किंवा शिंदी होतो. झाड तेच, रस तोच, फरक फक्त वेळेचा. सिरक्यात ही क्रिया आणखी पुढे जाते. अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल होते, नशेचा गुण उरत नाही. सिरका प्रेषितांनी (स.) सालन म्हणून पसंत केला होता, हे आपण सर्व जाणतो.

नुसत्या आंबवण्याने अल्कोहोल साधारण १२ ते १५ टक्क्यांपर्यंतच जाते. त्यापुढे यीस्ट स्वतःच मरते. त्याहून तीव्र हवे असेल तर भट्टी लावून ऊर्ध्वपातन करावे लागते. म्हणून लेबलवरचा आकडाच सांगतो की ते पेय कसे तयार झाले आहे.

आकडा कसा वाचायचा?

लेबलवर "अल्कोहोल ५ टक्के व्ही/व्ही" असे लिहिलेले असते. व्ही/व्ही म्हणजे आकारमानानुसार : १०० मिलिलिटर पेयात ५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. परदेशी बाटलीवर हेच "एबीव्ही" या तीन अक्षरांनी लिहितात.

पण नुसती टक्केवारी पुरेशी नाही. बाटली केवढी, हेही पाहावे लागते. ६५० मिलिलिटरच्या ५ टक्के बिअरमध्ये ३२.५ मिलिलिटर अल्कोहोल असते. भारतात ५ टक्क्यांहून अधिक आणि ८ टक्क्यांपर्यंतच्या बिअरला "स्ट्राँग" म्हणतात. देशी किंवा विदेशी दारूच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असते. त्याची १८० मिलिलिटरची लहान बाटली दिसायला छोटी, पण तिच्यात ७७ मिलिलिटर अल्कोहोल असते, म्हणजे त्या मोठ्या बिअरच्या दुपटीहून जास्त.

हा ४२.८ चा विचित्र आकडा कुठून आला? इंग्रजांच्या काळात तीव्रता "प्रूफ"मध्ये मोजत. ५७.१ टक्के म्हणजे पूर्ण प्रूफ. त्यापेक्षा २५ टक्के कमी म्हणजे "२५ यू.पी.", अंडर प्रूफ. ५७.१ चे पाऊण केले की ४२.८ येतात. काही लेबलांवर आजही "२५ यू.पी." छापलेले दिसते. त्याचा अर्थ २५ टक्के अल्कोहोल असा कुणी लावू नये.

"नॉन-अल्कोहोलिक" म्हणजे शून्यच का?

नाही. आपल्या देशात अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्यविषयक नियम २०१८ मध्ये आले आणि १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. त्यानुसार ०.५ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले पेय हे मद्य. त्यावर ठरलेला वैधानिक इशारा छापावा लागतो, आणि "नशा न आणणारे" अशा अर्थाचे शब्द त्यावर लिहिता येत नाहीत. म्हणजे ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असलेले पेय कायद्याच्या या व्याख्येत मद्य ठरत नाही, पण त्यात अल्कोहोल अजिबात नाही असाही त्याचा अर्थ होत नाही.

परदेशात शब्दांचे अर्थ आणखी बदलतात. जर्मनीत ०.५ टक्क्यांपर्यंतच्या बिअरवर "अल्कोहोलमुक्त" लिहिण्याची रीत आहे. ब्रिटनमध्ये "अल्कोहोल-फ्री" शब्दासाठी मर्यादा ०.०५ टक्के आहे आणि "लो अल्कोहोल" तर १.२ टक्क्यांपर्यंत चालते. दुबई, लंडनहून नातेवाईक भेटवस्तू आणतात, तेव्हा समोरचा शब्द नव्हे, मागचा आकडा वाचावा.

आणि ०.० चे काय? हायनेकेन, बडवायझर यांसारख्या कंपन्यांची ०.० पेये भारतातही विकली जातात. गणिताची शिक्षिका सांगेल की, ०.०४ ही संख्या एका दशांश स्थळापर्यंत लिहिली तर ०.० च होते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न हा की ते पेय बनले कसे? काही पेये ही आधी पूर्ण बिअर बनवून नंतर त्यातून अल्कोहोल काढून टाकलेली असतात. लेबलवर "डीअल्कोहोलाइज्ड" शब्द असेल तर ती या प्रकारची. काही पेये मात्र जवाच्या माल्टची, न आंबवलेली असतात. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतील.

भाचा परत जाण्याआधी मी त्याला एकच गोष्ट सांगितली. "बेटा, तुझ्या डब्यात अल्कोहोल नव्हते, हे मान्य. पण माझ्या दहा वर्षांच्या मुलाने आज त्या डब्याचे रूप, तो फेस, ते नाव ओळखीचे करून घेतले. उद्या त्याच नावाचा, त्याच रंगाचा दुसरा डबा त्याच्यासमोर आला, तर त्याला तो परका वाटणार नाही." आपल्याकडे दारूच्या थेट जाहिरातीला टीव्हीवर बंदी आहे, म्हणून त्याच नावाचा सोडा, त्याच नावाचे पाणी दाखवले जाते, हे मुलांना समजावून सांगा. त्याने मान हलवली. "मामी, मैंने ऐसा सोचाच नहीं था," म्हणाला.

औषधाची बाटली

आता अम्मीजानच्या बाटलीकडे येऊ. आयुर्वेदात आसव आणि अरिष्ट हे प्रकार आंबवूनच बनतात. काढ्यात किंवा रसात गूळ अथवा मध आणि बहुधा धायटीची फुले घालून ते मुरवत ठेवतात. त्यात जे अल्कोहोल तयार होते ते वरून घातलेले नसते, म्हणून "स्वजनित" म्हणतात. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, द्राक्षासव, कुमारी आसव ही नावे आपल्या घरांत नवीन नाहीत. बाळंतिणीला, अशक्त मुलीला ती सर्रास दिली जातात. नावाच्या शेवटी "आसव" किंवा "अरिष्ट" दिसले की बाटली फिरवून टक्केवारी पाहावी.

हिशेब करून पाहा. ५ ते १० चा मधला आकडा ७.५ धरला, तर २० मिलिलिटरच्या एका मात्रेत दीड मिलिलिटर अल्कोहोल. आणि ०.५ टक्क्याच्या ३३० मिलिलिटरच्या संपूर्ण डब्यात १.६५ मिलिलिटर. जवळजवळ सारखेच. एकाला आपण बिअर म्हणून घाबरतो, दुसरे आपण दवा म्हणून डोळे मिटून घेतो.

ॲलोपॅथीच्या औषधात ३ टक्के किंवा जास्त अल्कोहोल असेल, तर ते लेबलवर लिहिणे बंधनकारक आहे. खोकल्याच्या काही औषधांत ते असते, काहींवर "अल्कोहोल-फ्री" लिहिलेले असते. दुकानदाराला विचारायला लाजू नका. होमिओपॅथीच्या द्रव औषधांत तर प्रमाण बरेच जास्त असू शकते. १२ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले होमिओपॅथिक औषध ३० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत सामान्य ग्राहकाला विकता येत नाही, असा नियमच आहे.

पण एक विनंती. हा लेख वाचून कुणीही चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयाचे, मधुमेहाचे, बाळंतपणाचे औषध डॉक्टरांना विचारूनच बदलावे. दुसऱ्या दिवशी आम्ही वैद्यांकडे गेलो. त्यांना सांगितले की, आम्हाला आंबवलेले नको. ते जराही रागावले नाहीत. म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर तेव्हाच दिलं नसतं." त्याच वनस्पतींचा रोज ताजा करायचा काढा आणि गोळ्या त्यांनी लिहून दिल्या. एवढे सोपे होते. फक्त विचारायचे राहिले होते.

धार्मिक बाजूसाठी अम्मीजाननी मोहल्ल्याच्या इमाम साहेबांना निरोप पाठवला. त्यांनी समजावले की, नकळत जे घडले त्याचा बोझ मनावर ठेवू नका, तौबा करा, पर्याय मिळत असेल तर पर्याय घ्या. त्या रात्री अम्मीजान नीट जेवल्या. औषधातील अल्कोहोल, अत्तर, फळांतील नैसर्गिक अंश याबाबत उलमांमध्ये वेगवेगळी मते आहेत. मलेशिया आणि इंडोनेशियाच्या फतवा संस्थांनी तर दारू म्हणून न बनवलेल्या पेयांसाठी आकड्यांत मर्यादा सांगितल्या आहेत. मी शिक्षिका आहे, आलिमा नाही. जे जास्त घेतल्याने नशा येते ते थोडेही हराम, हे तत्त्व हदीसमधून आपल्याला माहीत आहे. ते कुठे आणि कसे लागू होते, हे आपल्या विश्वासातल्या आलिमांना, हातात लेबल घेऊन विचारावे. नुसते "चालेल का" विचारण्यापेक्षा "यात इतके टक्के आहे, असे बनवलेले आहे" हे सांगितले, तर उत्तरही नेमके मिळते.

हिरवा ठिपका आणि नावांचे घोटाळे

पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त एवढेच सांगतो की पदार्थ शाकाहारी आहे. तो अल्कोहोल नसल्याचा दाखला नाही. परदेशातून आलेल्या चॉकलेटांत रम किंवा लिकर भरलेली असू शकते. व्हॅनिला अर्कातही अल्कोहोल वापरतात. अमेरिकी नियमानुसार शुद्ध अर्कात ते किमान ३५ टक्के असावे लागते.

उलट, प्रत्येक "अल्कोहोल" शब्दाला घाबरायचेही कारण नाही. चेहऱ्याच्या क्रीममधले सेटिल अल्कोहोल हे मेणासारखे असते. शुगर-फ्री मिठाईतले सॉर्बिटॉल, झायलिटॉल यांना "शुगर अल्कोहोल" म्हणतात. त्यांनी नशा येत नाही. जिंजर बिअर नावाच्या अनेक बाटल्या साध्या आल्याचे सरबत असतात. आणि देशी दारूच्या बाटलीवर संत्र्याचे नाव असले, तरी ते संत्र्याचे सरबत नसते.

शब्द चुकीचा वाचण्याची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. एप्रिल २०२१ मध्ये, लॉकडाऊनमध्ये दारूची दुकाने बंद असताना, वणीत सॅनिटायझर पिऊन सात जणांचा जीव गेल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली. सॅनिटायझरवर अल्कोहोल लिहिलेले असते, म्हणून त्यांना ते दारूच वाटले असावे. ते फक्त हाताला लावायचे असते. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरहून अधिक माणसे गेली. मिथेनॉल हेही अल्कोहोलच, पण डोळे आणि प्राण घेणारे. घरातले सॅनिटायझर, स्पिरिट, थिनर कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरू नका.

एका वहीचे पान

ईदनंतर मी नववीच्या मुलांना गृहपाठ दिला : घरातल्या कोणत्याही तीन बाटल्यांची लेबले वहीत उतरवून आणा. कुणी खोकल्याचे औषध लिहिले, कुणी फिनाईल, कुणी सॉस. एका मुलीच्या वहीत तिसरी ओळ होती : संत्रा, १८० मिली, ४२.८ टक्के. तिने खाली मानच घातली होती.

वर्गात मी काही बोलले नाही. मधल्या सुटीत तिला जवळ घेतले. हा प्रश्न "त्यांच्या" घरचा, आपल्या घरात तो नाही, असे आपण समजतो आणि अशा मुलींना एकटे पाडतो. वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीत आहे. आपल्या यवतमाळच्या बायका वर्षानुवर्षे त्यासाठी मोर्चे काढत आल्या आहेत, आणि त्या मोर्च्यांत जात-धर्म कुणी विचारत नाही. ज्या घरात व्यसन शिरले आहे, तिथे ताने मारू नका. रोज खूप पिणाऱ्याने अचानक सोडले तर जिवाला धोका होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांच्या मदतीने सोडवा. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. तो नंबर मी त्या मुलीच्या आईला कागदावर लिहून दिला. ती मोहल्ल्यातलीच. तिने कागद ओढणीच्या टोकाला बांधला.

घरासाठी पाच गोष्टी

१. समोरचे चित्र नव्हे, मागची बारीक ओळ वाचा : घटक, टक्केवारी, किती मिलिलिटर.
२. औषध घेताना डॉक्टर, वैद्य आणि दुकानदाराला "यात अल्कोहोल आहे का, नसलेले मिळेल का" हे दोन प्रश्न विचारा.
३. घरी केलेले गोड सरबत फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. फेस आला, वास बदलला तर ओतून द्या.
४. अल्कोहोल असलेली औषधे आणि सॅनिटायझर मुलांच्या हाताबाहेर ठेवा.
५. घरात जे वाचू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तुम्ही वाचा.

पाचवी गोष्ट मी स्वतःसाठी लिहिली आहे. त्या रमजानपासून आमच्या कपाटातल्या प्रत्येक बाटलीवर मी उर्दूत लिहिलेली चिठ्ठी चिकटवते : कशासाठी आहे, किती घ्यायचे, अल्कोहोल आहे की नाही. अम्मीजान घेण्याआधी ती मोठ्याने वाचतात, मग बिस्मिल्लाह म्हणतात. परवा नवी गोळ्यांची डबी आणली, चिठ्ठी लावायला मी विसरले. त्यांनी डबी तशीच माझ्या टेबलावर, वह्यांच्या गठ्ठ्यावर आणून ठेवली होती.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, जेलेटिन आणि पाकिटावरील आकडी संकेतांविषयी बोलू. आपल्या घरातल्या एखाद्या लेबलचा अर्थ लागत नसेल, तर तो मजकूर उतरवून मासिकाच्या पत्त्यावर जरूर पाठवा.